इंजिन बदला, गाडी भंगारात घालू नका



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या वस्त्यांत, चाळींत, विहाराच्या अभ्यासिकेत जे संगणक दिसतात ते कुठल्या तरी कचेरीतून निघालेले, सेकंडहँड घेतलेले असतात. त्यांतल्या पुष्कळांत ही सोय नाही. म्हणून आपली कॉलेजात जाणारी मुले-मुली त्यांवर लिनक्स बसवू लागली आहेत. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि मराठीही लिहिते. ही चांगली गोष्ट आहे.

पण एक तक्रार वारंवार कानावर येते. लिनक्स बसते, पडदा उजळतो, अक्षरे उमटतात. पण वायफाय काही लागत नाही. कुठे आवाज निघत नाही, कुठे नव्या लॅपटॉपचा टचपॅड हलत नाही. मग मंडळी यंत्र उचलून दुकानात नेतात. दुकानदार म्हणतो, "ताई, हे फुकटचं असंच असतं. नाहीतर मशीनच बाद झालंय. नवीन घेऊन टाका." ज्या घरात आई चार घरची धुणीभांडी करते आणि वडील रोज नाक्यावर उभे राहतात, त्या घराने नवीन यंत्राचे पैसे आणायचे कुठून? यंत्र कोपऱ्यात जाते, त्यावर चादर पडते, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुलगी पुन्हा सायबर कॅफेत रांग लावते.

आम्ही आज एवढेच सांगणार आहोत की, पुष्कळदा यंत्र बाद नसते आणि लिनक्सही वाईट नसते. लिनक्सच्या आतला गाभा तेवढा त्या भागापेक्षा जुना असतो. तो गाभा बदलता येतो. सगळे पुसून नव्याने बसवावे लागत नाही, फायली हलवाव्या लागत नाहीत, आणि त्याला इंटरनेटच्या डाट्याखेरीज पैसाही लागत नाही.

या गाभ्याला संगणकाच्या भाषेत कर्नल म्हणतात. आपण लिहितो, चित्र पाहतो, गाणे ऐकतो ते कार्यक्रम वरच्या अंगाला असतात. वायफाय, कीबोर्ड, डिस्क, स्पीकर हे सारे यंत्राचे भाग खालच्या अंगाला. या दोघांच्या मध्ये उभा राहून प्रत्येक भागाकडून काम करवून घेतो तो कर्नल. कर्नल आणि वरचे सारे कार्यक्रम एकत्र बांधून जो संच आपल्याला मिळतो, त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट ही अशा संचांची नावे.

६ डिसेंबरला नागपूर, भुसावळ, मनमाडकडून चैत्यभूमीला येणाऱ्या जुन्या मंडळींना इगतपुरीचा थांबा आठवत असेल. गाडी तिथे रेंगाळायची, पुढचे इंजिन सुटायचे आणि दुसरे लागायचे. कारण मनमाडकडच्या तारेत २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह होता आणि मुंबईकडच्या तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह. एकीकडचे इंजिन दुसरीकडच्या तारेवर चालत नसे. पण म्हणून कुणी गाडी मोडीत काढली नाही. डबे तेच, प्रवासी तेच, बाकावरची भाकरीची पिशवीही तिथेच. बदलले फक्त इंजिन. पुढे मुंबईकडची तारही एसी झाली आणि ते कारण संपले. संगणकातही कर्नल हे इंजिन आहे आणि बाकीचे सारे डबे आहेत.

आता हा गाभा जुना का राहतो ते पाहू. कारण कळल्याशिवाय उपाय कळत नाही, ही तर आपल्या धम्माची शिकवण आहे. कार्य आहे तिथे कारण आहेच.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या घरच्या ३८६ जातीच्या संगणकासाठी हा कर्नल लिहायला घेतला. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने लोकांना कळवले तेव्हा हेही सांगून टाकले, की माझ्याकडे ज्या प्रकारची हार्ड डिस्क आहे तिच्याखेरीज दुसरी यावर बहुधा चालणार नाही. म्हणजे जन्माच्या वेळी या कर्नलला एकाच मुलाच्या टेबलावरच्या यंत्राची ओळख होती. १९९२ साली त्याने तो जीपीएल या परवान्याखाली आणला. त्या परवान्याने कुणालाही आतला मजकूर वाचायची, बदलायची आणि वाटायची मुभा मिळाली. अट एकच, की बदललेला कर्नल दुसऱ्याला देताना त्याचा मजकूरही त्याच मुभेने द्यायचा. मग जगभरच्या हजारो लोकांनी आपापल्या यंत्रांची ओळख त्यात भरली. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या भागांची ओळख घातलेली असते. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे, हे कित्येकांना ठाऊक नसते.

पण डिस्ट्रिब्यूशन तयार करणारे लोक दर दोन महिन्यांनी इंजिन बदलत नाहीत. ते एक कर्नल निवडतात, महिनोन् महिने तपासतात आणि तोच वर्षानुवर्षे ठेवतात. त्यातली सुरक्षेची भोके बुजवतात, पण नव्या भागांची ओळख सहसा घालत नाहीत. यामागे हेतू चांगला आहे. काल चाललेले यंत्र आज अचानक बंद पडू नये, एवढाच. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की ज्या भागाची ओळख त्या कर्नलनंतर लिहिली गेली तो भाग त्या संचाला परका राहतो.

गिरणीत काम केलेल्यांना हे लगेच समजेल. कामगार कितीही कसबी असो, मस्टरवर नाव नसेल तर गेटच्या आत प्रवेश नाही. संगणकातल्या प्रत्येक भागाला असाच एक बिल्ला असतो. बनवणाऱ्याचा एक क्रमांक आणि त्या भागाचा एक क्रमांक, असे दोन आकडे तो भाग सुरू होताच कर्नलला सांगतो. कर्नल आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या यादीत तो बिल्ला शोधतो. सापडला तर काम सुरू. नाही सापडला तर तो भाग धडधाकट असूनही गेटबाहेर उभा. आपण मात्र समजतो की तो बिघडला.

एक खरा दाखला देतो. कचेरीतून निघालेल्या डेस्कटॉप संगणकांना बरेचदा वायफाय नसते. म्हणून बाजारातून यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय अडॅप्टर आणतात. अशा अडॅप्टरांत रिअलटेकची ८८२१सीयू नावाची चिप असते. तिची ओळख लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ६.२ या आवृत्तीत आली, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये. डेबियन १२ हा संच जून २०२३ मध्ये आला, पण त्याने निवडलेला कर्नल होता ६.१, डिसेंबर २०२२ चा. एका आवृत्तीचा फरक, आणि अडॅप्टर गेटबाहेर! अडॅप्टर चांगला, संगणक चांगला, डेबियनही चांगले. तरीही "मशीन बाद" असा निकाल लागतो. पुढे डेबियन १२ साठीच बॅकपोर्ट्स नावाच्या जादा भांडारात ६.१२ हा कर्नल आला. तो घातला की त्याच यंत्राला तोच अडॅप्टर ओळखू येतो.

मग आपल्या यंत्रातही हेच झाले आहे हे कसे ओळखायचे? केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, प्रत्येकजण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कुणाचे मानावे? तथागतांनी त्यांना सांगितले की, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणूनही मानू नका. स्वतः पारखून घ्या. दुकानदाराचे, शेजारच्या इंजिनिअर दादाचे आणि आमचेही याच कसोटीवर घासून पाहा.

पहिली पारख अशी. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. तिच्यात लहान इंग्रजी अक्षरांत यू, एन, ए, एम, ई असे लिहा, एक जागा सोडा, आडवी छोटी रेघ द्या आणि तिला चिकटून आर लिहा. एंटर दाबला की आपल्या कर्नलचा आकडा दिसतो. तो वहीत लिहून ठेवा. मग एल, एस, पी, सी, आय लिहून जागा सोडा, आडवी रेघ द्या आणि के लिहा. यंत्रातल्या भागांची यादी येते. ज्या भागाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही इंग्रजी ओळ नाही आणि नेमका तोच भाग चालत नाही, तो गेटबाहेर उभा आहे असे समजा. यूएसबीत खोचलेल्या वस्तूंचे बिल्ले एल, एस, यू, एस, बी एवढे लिहिल्यावर दिसतात.

दुसरी पारख याहून सोपी आणि याहून पक्की. ज्यांचे यंत्र चालते अशा कुणाकडून एका पेनड्राइव्हवर लिनक्सचा अगदी ताजा संच घ्या आणि यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. विचारले जाते तेव्हा बसवू नका, फक्त ‘ट्राय’ म्हणजे वापरून पाहा. डिस्कवरच्या फायलींना धक्का लागत नाही. तिथे वायफाय लागले, तर भाग निर्दोष आहे हे सिद्ध झाले आणि जुन्या संचातच कमी आहे हेही कळले. तिथेही लागले नाही, तर मात्र भाग खरोखर बिघडला असेल किंवा त्याची ओळख अजून कुणी लिहिली नसेल. अर्ध्या तासाच्या या कामात हजारो रुपयांचा प्रश्न सुटतो.

इथे एक अडचण मध्ये येते. कर्नल बदलायला इंटरनेट लागते, आणि वायफायच चालत नाही तर इंटरनेट आणायचे कोठून? मोबाइल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. मात्र वायर नुसती चार्जिंगची नको, डाटा जाणारी हवी. बहुतेक अँड्रॉइड फोनांना जुना कर्नलही ओळखतो. मोबाइलचा डाटा संगणकात येतो आणि काम भागते.

आता प्रत्यक्ष बदल. लिनक्स मिंट असेल तर अपडेट मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’ या यादीत ‘लिनक्स कर्नल्स’ निवडा, आणि दिसणाऱ्यांतला नवा कर्नल बसवा. उबुंटू २४.०४ हा संच एप्रिल २०२४ मध्ये ६.८ या कर्नलसह आला. त्याच संचासाठी पुढे नव्या यंत्रांकरिता नवे कर्नल येत गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ६.१४ आला. पुष्कळदा नुसते अद्ययावत केले तरी तो आपोआप येतो. आला नाही तर लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ या नावाचे पॅकेज इंग्रजी अक्षरांत शोधून बसवावे. डेबियनमध्ये बॅकपोर्ट्सचे भांडार यादीत जोडून तिथला लिनक्स-इमेज-एएमडी६४ घ्यावा. नावात एएमडी असले तरी इंटेलच्या ६४ बिटच्या यंत्रांनाही तोच लागतो. ज्यांना सवड आहे त्यांनी डेबियन १२ वरून सबंध १३ वर जावे हे उत्तम. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्या संचात ६.१२ कर्नल मुळातच आहे. पण परीक्षा तोंडावर असताना सबंध घर हलवू नये, इंजिन तेवढे बदलावे.

काही हुशार मुले कर्नलचा मूळ मजकूर उतरवून घेऊन स्वतःच बांधायला बसतात. शिकण्यासाठी ते जरूर करावे. पण जुन्या यंत्रावर त्याला तासन् तास लागतात, आणि सुरक्षेची प्रत्येक दुरुस्ती आली की पुन्हा बांधावा लागतो. अभ्यासिकेच्या रोजच्या यंत्राला आपल्या संचाच्या भांडारातलाच कर्नल बरा.

काही पथ्ये सांगतो, ती पाळा. आधी आपल्या फायली, दाखल्यांचे फोटो, निबंध पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लॅपटॉप चार्ज करून घ्या. बसवणे चालू असताना वीज जायला नको. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुना कर्नल पुसू नका. नवा बसला तरी जुना शेजारीच राहतो. नव्याने यंत्र सुरूच झाले नाही, तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब नावाची यादी उघडा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि जुना आकडा निवडा. यंत्र पहिल्यासारखे सुरू होते. मागे यायची वाट मोकळी असेल तर पुढे जायला भीती कसली? नवा आठवडाभर नीट चालला, की दोन ठेवून त्यापूर्वीचे काढा, नाहीतर काही यंत्रांत सुरुवातीच्या भागातली जागा भरून जाते.

ज्यांनी ग्राफिक्स कार्डाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर बाहेरून आणून घातला आहे, त्यांना नव्या कर्नलबरोबर तो पुन्हा जुळवावा लागतो. तो जुळला नाही तर पडदा काळा राहू शकतो. तेव्हाही जुना कर्नल उपयोगी पडतो. आणि यंत्रात सिक्युअर बूट चालू असेल तर संचाने सही केलेला कर्नलच सुरू होतो. घरी बांधलेला तसाच सुरू होत नाही.

प्रत्येक दुखण्याला कर्नल हेच औषध, असेही समजू नये. काही भागांना ओळखीबरोबर फर्मवेअर नावाची एक फाइलही लागते. ती नसेल तर नव्या कर्नलमध्येही तो भाग मुका राहतो. डेबियनच्या लोकांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन अशा फायली बसवण्याच्या संचातच घालायचे ठरवले आणि डेबियन १२ पासून ते अमलात आले. त्याआधीचा संच असेल तर प्रथम फर्मवेअर पाहावे. तसेच नवे म्हणजे सर्वांनाच चांगले, हेही खरे नाही. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मला, त्याच ३८६ ची साथ २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या कर्नलने सोडली. डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी कर्नल उरला नाही. ज्यांचे यंत्र जुने आहे आणि सारे काही चालते आहे, त्यांनी सुरक्षेच्या दुरुस्त्या घेत राहाव्यात आणि उगाच इंजिनाला हात लावू नये.

आता कुणी म्हणेल, समाजापुढे एवढे प्रश्न असताना हे कर्नलपुराण कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. ज्ञान कुलपात ठेवून आपल्याला हजारो वर्षे बाहेर ठेवले गेले. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. जे सर्वांचे आहे त्यावर आपलाही हक्क आहे, हे त्यांनी जगाला दाखवले. लिनक्सच्या कर्नलचा सारा मजकूर आज उघडा आहे. तिथे जात विचारत नाहीत, फी विचारत नाहीत. पण तळे उघडे असून भागत नाही. "हे आपले काम नव्हे, हे मोठ्या लोकांचे" असे म्हणून आपणच काठावर उभे राहिलो, तर उघडे तळेही आपल्याला बंदच. केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे मुले लिनक्सवर शिकत आहेत. ती काही वेगळ्या मातीची मुले नाहीत.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत एक साधी दोनशे पानी वही ठेवा. वस्तीतल्या ज्या यंत्रात अडचण आली त्याची नोंद करा. यंत्र कोणते, न चाललेला भाग कोणता, त्याचा बिल्ला क्रमांक काय, जुना कर्नल कोणता, कोणत्या कर्नलने काम झाले. वर्षभरात ती वही वस्तीच्या मोठ्या कामाची होईल. दोन ताज्या पेनड्राइव्ह तिथेच ठेवा. आणि हे काम फक्त मुलांकडे देऊ नका. दहावी-बारावीच्या दोन मुलींना पुढे बसवा, त्यांच्या हातून पहिला कर्नल बदलून घ्या, आणि मग त्याच इतरांना शिकवतील. बचत गटाच्या ताईंनाही बोलवा, कारण "नवीन घेऊन टाका" या वाक्याची किंमत शेवटी त्यांच्याच गाठीतून जाते.

दुकानदारावर राग धरायचे कारण नाही. त्यालाही कुणी शिकवलेले नसते. त्याला विचारा, "दादा, कर्नल कोणता आहे ते पाहिलंत का?" त्याने पाहिले नसेल, तर आपली मुलगी पाहील. चादरीखालचे यंत्र बाहेर काढा. आधी कारण शोधा, मग खर्चाचे बोला.

जयभीम! नमो बुद्धाय!